कडुलिंबाखालचं इंजिन

त्या दिवशी सकाळपासून मी नुसता चहा करत होते. म्हस्कूतात्या मिस्त्री कामाला आले की त्यांना घडीघडीला चहा लागतो, तोही गोडमिट्ट. "कारखाना जवळ असून साखरेला काय भ्यायचं, सूनबाई?" असं म्हणायचे आणि बशी तोंडाला लावायचे.

आमच्या पिकअपचं पेट्रोलचं इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवायचं होतं. आमचे हे गेल्यापासून गाडी माझे दीर, ऋषिराज भावजी चालवतात. आमच्या पेरूंबरोबर शेजाऱ्यांच्या वांग्या-मिरच्यांचे क्रेटही ते बारामतीला नेतात. भरलेली गाडी मळ्यातून वर रस्त्याला लागताना धापा टाकायची. डिझेल ओढेल, असं सगळ्यांचं मत पडलं.

इंजिन जुनंच आणलं होतं. ते अंगणात उतरवलं तशा माझ्या सासूबाई, प्रयागबाई, काठी टेकत आल्या. मी त्यांना आत्या म्हणते.

"कुणाच्या गाडीचं हाय? कोण मेलंबिलं न्हाय ना तिच्यात?"

"दुधाच्या गाडीचं हाय, आई," भावजी म्हणाले. "मालकाला भेटून आलोय. चांगला पान खात बसला हुता."

"वैनी, इंजिनाचं लगीन लावायचंय व्हय?" म्हस्कूतात्या हसले. "पत्रिका बघू का?"

तरी आत्यांनी नव्या इंजिनावरून लिंबू उतरवलं, नारळ फोडला. मला बरं वाटलं. मी मुळातच भित्री. छकुली झाल्यापासून तर वारा जोरात आला तरी मी आधी तिला उचलते. पण नवं कुणाचं ते सगळ्यांनी विचारलं. जे काढत होतो ते कुणाचं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ते यांचं होतं. सुयोग यांचं नाव.

मागल्या थंडीत हे भिगवणला माल टाकून घरी येत होते. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. छातीत कळ आली असेल, यांनी गाडी नीट कडेला घेतली, हात चाकावरच ठेवले. गाडी चालू होती म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, माणूस फोनवर बोलत असेल. पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडली, तेव्हा कुठं कुणीतरी काच वाजवली.

रोज संध्याकाळी कालव्याच्या वळणावर आले की हे दोनदा रेस द्यायचे. घूंऽ... घूंऽ... छकुली हातातलं टाकून उंबऱ्यात जायची. गाडी अंगणात उभी राहिली की तिला बॉनेटवर बसवायचे. खाली तापलेलं इंजिन गार होताना टिक... टिक... वाजायचं. ती कान लावून म्हणायची, "गाडी दमली."

म्हस्कूतात्यांनी कडुलिंबाच्या फांदीला चेन-पुली बांधून जुनं इंजिन वर ओढलं. ते हवेत हळूहळू फिरत राहिलं. मग दोन जुन्या टायरांवर ठेवलं. त्याचे प्लग काढले, पाइप काढले, त्यातलं तेल डब्यात घेतलं. नव्याचं फाउंडेशन, म्हणजे बसायची जागा, जुळेना, म्हणून वेल्डिंग करून पट्ट्या जोडल्या. नवं जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले. पेट्रोलची टाकी काढून दुसरी बसवली.

गाडी सुरू केली तसा काळा धूर निघाला आणि धडधड अंगणभर झाली. भावजींनी चावी फिरवली, तरी ती थांबेना.

"आता चावीनं बंद व्हायची न्हाय," म्हस्कूतात्या म्हणाले. "ही वायर वढायची. जुन्याला ठिणगी लागायची, चावी काढली की ठिणगी गेली. ह्याला ठिणगी लागतच न्हाय."

छकुलीनं कानांवर हात ठेवले होते. "ही आपली गाडी न्हाय," म्हणाली आणि रडायला लागली.

चार दिवस बरे गेले. मग एकदा दिवेलागणीला मी देवापाशी दिवा लावून वळले, तर छकुली घरात नाही. गोठ्यात नाही, हौदापाशी नाही. ती कडुलिंबाखाली होती. त्या इंजिनाला मिठी मारून, गाल टेकून बसली होती.

"मम्मी, गरम."

मी हात लावला. खरंच गरम होतं. दिवसभर उन्हात पडलेलं लोखंड, असं मनाला सांगितलं. भावजीही तेच म्हणाले.

पण पुढं आभाळ आलं. सूर्य दिसला नाही, बोचरा वारा सुटला. संध्याकाळी मुद्दाम गेले. टायर गार, झाडाचं खोड गार, आणि इंजिन... चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या तव्यासारखं. मी हात मागं घेतला. तेवढ्यात ऐकू आलं. टिक... टिक... टिक...

त्यात तेल नव्हतं, प्लग नव्हते. लांबून येऊन आत्ताच उभ्या राहिलेल्या गाडीसारखं ते गार होत होतं.

मी आत्यांना बोलावलं. त्यांनी हात लावला आणि लावूनच ठेवला. पदरानं डोळे टिपत घरात गेल्या.

त्यानंतर छकुली दिवस मावळायला लागला की जेवेना. दारातच घुटमळायची. एकदा पाहिलं, तर तिनं चांगला फ्रॉक घातला होता, उलटा. चपला घातल्या होत्या, गळ्यात पाण्याची बाटली अडकवली होती.

"कुठं निघालीस गं?"

"पप्पांसंगं."

"पप्पा... कुठं हायेत?"

"गाडीत." कडुलिंबाकडं बोट केलं. "पप्पा रोज येत्यात. पण त्यांना घर सापडत न्हाय. म्हनत्यात, तू चल, दाखव."

तिला उचललं तर तिच्या हातांचे तळवे भाजत होते. अंगाला ताप नव्हता, नुसते तळवे. आणि तळव्यांना पेट्रोलचा वास येत होता.

त्या रात्री मी तिला छातीशी बांधल्यासारखं धरून बसले. सकाळी भावजींना म्हटलं, "भावजी, ते भंगारात द्या. आजच."

"वहिनी, उद्या येतो म्हनलाय भंगारवाला. एक दिवस काढा."

आत्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "मोना, माझ्या लेकाला परत रस्त्यावर टाकताय व्हय गं? एवढ्या लांबनं आलाय त्यो."

"आत्या, त्यो माझ्या लेकरासाठी आलाय."

"त्येचं बी लेकरूच हाय की."

त्या मऊ आवाजात म्हणाल्या, भांडायच्या आवाजात नाही. मला यांचा राग येत होता, आणि यांच्यासाठी तुटतही होतं. रोज संध्याकाळी माणूस त्याच रस्त्यानं येतोय, अंगणापर्यंत पोचतोय, आणि पोचलोय हे त्याला कळत नाही. कसं कळावं? त्याची गाडी आता दुसऱ्याच आवाजात बोलते.

संध्याकाळी छकुलीला आत्यांच्या मांडीवर दिलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि कडुलिंबाखाली गेले. टिकटिक सुरूच होती. वारा पडला होता. गोठ्यातली म्हैस कान उभे करून त्याच बाजूला बघत होती. मी दोन्ही हात लोखंडावर ठेवले. भाजलं, तरी ठेवले.

"अहो..."

टिक... टिक...

"अहो, मी हाय. तुमी पोचलाय. हे आपलंच अंगण हाय, बघा. पोरीला नका बोलवू. ती बारकी हाय हो... तिला नका नेऊ. लई लांब गाडी चालवलीत. आता बंद करा." रडू आवरेना. "आता उतरा."

टिक... मग बराच वेळ काही नाही. मग परत एकदा... टिक.

आणि थांबलं. माझ्या हाताखाली लोखंड असं गार पडलं, जसे त्या दिवशी दवाखान्यात यांचे पाय लागले होते. मी तिथंच बसून पोटभर रडले. ते गेले तेव्हा माणसांच्या गर्दीत रडताही आलं नव्हतं.

सकाळी इंजिनावर पहिल्यांदा दव पडलेलं दिसलं. भंगारवाला आला, दोघातिघांनी उचलून टेम्पोत टाकलं. छकुली बघत होती, पण रडली नाही. दुपारी भाकरी-दूध मागून खाल्लं. संध्याकाळी धडधडत भावजींची गाडी आली, तर कानांवर हातही ठेवले नाहीत. आत्यांनी देवापुढं साखर ठेवली. मला वाटलं, सुटलो.

रात्री अंथरुणं टाकली. मी आणि छकुली एकाच गोधडीवर झोपतो, ती माझ्या कुशीत. दिवा मालवला. हात लांब केला, तर ती जवळ नव्हती. पार भिंतीला चिकटून अंग चोरून झोपली होती.

"छकुले, इकडं सरक. भिंत गार लागंल."

"हितं जागा न्हाय, मम्मी," ती झोपेतच पुटपुटली.

आमच्या दोघींच्या मधे गोधडी रिकामी होती. मी अंधारात तिथं हात ठेवला.

उतरा म्हणाले होते मी. उतरून कुठं जायचं, ते सांगायचं राहिलं.

गोधडी गरम होती.