कॅप्टन मैनाची बायको

रविवारी दुपारी वुडलँड्सच्या कम्युनिटी क्लबात कॅप्टन मैनाचे चाहते जमले होते आणि क्षिप्रा कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. कॅप्टन मैना म्हणजे इथल्याच एका कॉमिकमधला सुपरहिरो: काळे पंख, पिवळी चोच, इमारतींच्या गच्च्यांवरून उडत लोकांना वाचवणारा. तिचा नवरा रुचिर, एरवी आयटीतला शहाणासुरता मॅनेजर, त्या वेशात पोराटोरांबरोबर फोटो काढून घेत होता. चाळिशी उलटल्यावर माणसाची साळुंकी व्हावी, काय म्हणावं याला!

या मंडळींचा एक रिवाज होता. मुखवटा चढला की खरं नाव घ्यायचं नाही. शेवटी घरच्या माणसाने खांद्यावर हात ठेवून नावाने हाक मारायची, मगच मागचे हूक काढायचे. "तूच काढायचे हं," रुचिर सकाळी लाजत म्हणाला होता. क्षिप्राने नाक मुरडलं होतं.

"अगं, तू इथे?"

निशिगंधा मॅडम! बँकेतल्या तिच्या बॉस, मुलीला शेजारच्या डान्स क्लासला सोडायला आलेल्या. क्षिप्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमका तेव्हाच कॅप्टन मैना पंख हलवत तिच्याकडे यायला निघाला.

"हा कोण, तुझ्या ओळखीचा?" मॅडम हसल्या.

"छे हो! कोण जाणे कोण आहे. मी जरा एसीत टेकलेय, एवढंच."

पंख हवेतच थांबले, मग सावकाश खाली आले. मॅडम गेल्या. घरी जाऊन समजूत काढू, क्षिप्राने मनाशी म्हटलं. रुचिर काही डूख धरणारा नव्हे.

पण तो जवळ आलाच नाही. एकेकाला हाका पडल्या, मुखवटे उतरले. तो मात्र भिंतीशी पाठमोरा उभा राहिला. ग्रुपचे म्हातारे प्रमुख अंकल तान खुर्च्या आवरत होते. क्षिप्रा त्यांच्याकडे गेली.

"अंकल, त्याला बोलवता का जरा?"

"नो नो, त्याची वाइफ येईल लाह," अंकल इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाले. "व्हेरी नाइस लेडी. तुम्ही कोण?"

"मीच त्याची वाइफ! मघाशी तुम्हीच मला कॉफी आणून दिलीत ना?"

अंकल नुसते हसले, परक्याकडे बघून हसतात तसे.

ती धावतच भिंतीशी गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रुचिर, चुकले रे मी. तुझी लाज वाटली मला. आता माझीच वाटतेय."

तो हलला नाही. तिने मुखवट्याचे हूक काढले.

चेहरा त्याचाच होता, घामाने डबडबलेला. तिला बघून तो जरा संकोचला.

"थँक यू हं. तुम्ही मराठी वाटतं? उगाच त्रास तुम्हाला. बायको येईलच माझी."

"अरे, मी क्षिप्रा!"

तो एक पाऊल मागे सरला. त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर तिचं नाव, तिचाच फोटो.

तिचा फोन तिच्या हातात होता, बंद.

"बोल गं," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला.

फोनमधून क्षिप्राला स्वतःचा आवाज ऐकू आला, आनंदाने ओसंडून चाललेला.

"कुठे आहेस? ये ना पटकन! निशिगंधा मॅडम कधीच्या थांबल्यात. त्यांना म्हटलं, थांबा, माझा नवरा दाखवते तुम्हाला."