खर्जाचे चार सूर

"रेकॉर्डिंगला बेस गिटार दुसरं कोणीतरी वाजवेल, ताई," धाकट्या भावानं ताटावरची नजर न उचलता सांगितलं, आणि तिच्या हातातली पळी भाजीच्या पातेल्यात तशीच थबकली...

मग तो सांगत राहिला. नव्या वादकाची बोटं विजेसारखी पळतात, लोक बघत राहतात. "तू प्रत्येक गाण्यात तेच चार सूर वाजवतेस. तू आहेस हेसुद्धा कोणाला कळत नाही."

त्याची बायको बँडमध्ये ड्रम्स वाजवायची. ती ताडकन उठली. नणंद-भावजयीचं इतरत्र जमो न जमो, या दोघींचं ठेक्यावर मात्र चांगलं मेतकूट जमायचं. पण ताईनं तिला हाताला धरून बसवलं. "माझ्यासाठी भांडायचं नाही. गाणं आईवरचं आहे, ते उभं राहिलं पाहिजे. तू वाजवायचंस."

आई गेली तेव्हा ताईची शाळा नुकतीच संपली होती. घरात एकच गिटार होती, तीही तिची, जिवापाड जपलेली. पण रडून रडून डोळे सुजलेल्या भावानं ती मागितली आणि हिनं क्षणाचाही विलंब न लावता त्याच्या मांडीवर ठेवली. पुढे त्याचा रॉक बँड उभा राहिला, बेस घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा ते जाड तारांचं धूड तिनंच गळ्यात अडकवलं. सुरुवातीला कर्तव्य म्हणून... मग मात्र त्या खर्जाच्या सुरांवर तिचा जीव जडला. भावाचा श्वास कडव्याच्या शेवटी कमी पडतो, हे तिला ठाऊक होतं. तिथे ती एकच सूर लांबवर धरून ठेवायची आणि तो त्यावर निर्धास्त रेलायचा. तिलाही बोटं पळवता येत होती. पळवायची नाहीत, हा तिचा निर्णय होता.

त्या दुपारी भांडी घासताना तिचे डोळे वाहिले, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून आल्यावर ती रोज दार लावून एकटीच बेस वाजवू लागली. बँड सुटेल, वाजवणं सुटणार नाही!

रेकॉर्डिंगला नव्या वादकानं खरोखर कमाल केली. सुरांची नुसती बरसात... आणि भावाला गाताच येईना. शब्दाशब्दाला कोणीतरी मध्येच बोलल्यासारखं व्हायचं, शेवटाला आवाज फाटायचा. वैतागून त्यानं तालमीचं जुनं ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. स्टुडिओतल्या तंत्रज्ञानं ते ऐकवलं, मग कुतूहलानं त्यातला ताईचा बेस तेवढा बंद केला. गाणं तेच होतं, पण विस्कटलं. गिटार एकीकडे, आवाज दुसरीकडे, जणू घरातलं कर्तं माणूस उठून गेलं होतं. बेस पुन्हा सुरू झाला आणि सगळे आपापल्या जागी येऊन बसले.

भावानं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, "मला हे रोज ऐकू यायचं. तुम्ही तुमचा आवाज ऐकत होतात."

तो तडक चष्म्याच्या दुकानात गेला. ताई एका आजोबांच्या नाकावर चष्मा बसवत होती. तिनं त्याला स्टुलावर बसायची खूण केली आणि काम सावकाश पुरं केलं. आजोबा गेल्यावर तो म्हणाला, "ताई, मी आंधळा होतो गं."

"मग योग्य दुकानात आलास," ती म्हणाली. तो रडता रडता हसला. पण ताई हसली नाही. "येईन. पण वाजवीन माझ्याच पद्धतीनं. एक सूर जास्त नाही, एक कमी नाही. आणि उपकार म्हणून बोलावत असशील तर आत्ताच परत जा."

"गरज आहे म्हणून आलोय, ताई."

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून त्यानं गाण्याच्या मधोमध सगळ्यांना थांबवून तिला एकटीला वाजवायला जागा देऊ केली. लोकांना कळू दे, तू कोण आहेस ते! तिनं मान हलवली.

"तिथे तुझा आवाज एकटा हवा. तिथे तू आईला हाक मारतोस. मी गप्प राहीन. तू काढलंस म्हणून नाही, मी ठरवलं म्हणून."

गाणं सुरू झालं. ती जागा आली, तशी तिनं तारांवर तळवा ठेवला. त्या नि:शब्द पोकळीत भावाचा उघडा, कापरा आवाज आईला हाक मारत वर चढला... चढत गेला, थरथरला, श्वास संपत आला. त्यानं डोळे मिटले. भावजयीनं ताईकडे पाहिलं, ताईनं तिच्याकडे. आणि ड्रमच्या ठोक्याबरोबर ताईनं एकच खोल सूर लावला आणि त्याचा श्वास परत येईपर्यंत धरून ठेवला.