अर्धा सेकंद आधी

दूधवाल्या म्हाताऱ्याने कॅन डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायचा ठरवला, हे तेजल दरेकरला त्याचा हात हलायच्या आधीच कळलं. तिच्या डोळ्यांवरच्या काचेत त्याच्या उजव्या दंडावर फिकट पिवळी रेघ उमटली आणि मग तो हात पुढे झाला.

"जा बाबा आत," ती म्हणाली. करणगडच्या राजवाड्याच्या दरवाजावरची ती रोजची सकाळ होती.

त्या काचेला पहाऱ्याच्या पथकात 'पूर्ववेध' म्हणत. माणूस हलण्याआधी त्याच्या स्नायूंत बारीकशी विद्युतलहर उठते. पूर्ववेध ती लांबूनच टिपायचा आणि हा हात आता कुठे जाणार ते अर्धा सेकंद आधी दाखवायचा. लहर हल्ल्याची असली की रेघ लाल व्हायची आणि एरवी अडकून असलेला बंदुकीचा खटका मोकळा व्हायचा; तो ओढायचं काम शिपायाचं. इतर शिपायांना तासाभरात गरगरायला लागे, तेजल आठ-आठ तास काच लावून उभी राही. पुढे पुढे तिला काचेशिवायही माणसं वाचता येऊ लागली. खांदा किती झुकला, अंगठा केव्हा आत वळला, एवढ्यावरून ती सांगायची. बाविसाव्या वर्षी ती नाईक झाली, आणि पथकातले जुने हवालदारसुद्धा अडलं की तिलाच विचारत.

जुन्या संस्थानांना स्वायत्तता परत मिळून अकरा वर्षं झाली होती. थोरले महाराज त्या हिवाळ्यात वारले. गादीवर त्यांचे चिरंजीव इंद्रजितराजे बसायचे होते, आणि बसल्या दिवशीच सगळा कारभार लोकांनी निवडलेल्या सभेच्या हाती देणार, असं त्यांनी उघड सांगितलं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीला, उर्मिलाराजेंना, हे पसंत नव्हतं. दिवाण कारखानीसांना तर मुळीच नाही. गेली नऊ वर्षं राज्य तेच चालवत होते.

एका दुपारी दिवाणांनी तेजलला शस्त्रागाराशेजारच्या खोलीत बोलावून घेतलं. भिंतीवरच्या पडद्यावर लहरींचे आलेख होते. नाव नाही, चेहरा नाही, फक्त एका उजव्या हाताची वेगवेगळ्या दिवशीची साठ टिपणं.

"सरहद्दीवर पकडलेला मारेकरी आहे," दिवाण म्हणाले. "त्याचे साथीदार असेच तयार केलेले असणार. यंत्राला हा हात ओळखता यायला हवा. तू खूण केलीस की यंत्र ते प्रमाण मानतं, तुला माहीतच आहे."

तेजल एकेक आलेख पाहत लाल खूण करत गेली. चाळिसाव्याच्या आसपास तिचा हात थांबला. लहरीवर एक बारीक झुळझुळ होती, घड्याळासारखी नेमकी, सेकंदाला चार-पाच वेळा.

"साहेब, ही रागाची लहर वाटत नाही. आजारी हाताची वाटते."

"मारेकऱ्याचा हात घाबरून थरथरणारच की."

"घाबरलेला हात असा सारखा थरथरत नाही, साहेब. त्याची लय तुटते."

दिवाण खुर्ची सरकवून तिच्या अगदी शेजारी येऊन उभे राहिले. "नाईक दरेकर, तू डॉक्टर आहेस का?"

"नाही, साहेब."

"मग वीस राहिलेत. आटप."

तिने आटपलं.

दरबार पाच दिवसांनी भरला. सकाळचं स्वच्छ ऊन खिडक्यांतून आत येत होतं. गादीभोवती पूर्ववेध लावलेले बारा शिपाई, त्यांत उजवीकडून तिसरी तेजल. इंद्रजितराजे शपथ घ्यायला उठले. तिशीचे, सडपातळ, हसरे. त्यांनी समोरच्या लोकांना नमस्कार केला आणि चष्मा काढायला उजवा हात अंगरख्याच्या खिशाकडे नेला.

तेजलच्या काचेत तो हात लालभडक झाला. लाल रंगाखाली तीच झुळझुळ होती, सेकंदाला चार-पाच वेळा. राजांना कंपवाताची सुरुवात झाली होती आणि घरच्यांनी ती लपवून ठेवली होती, हे तिला त्या अर्ध्या सेकंदात कळलं. कोणाच्या हातावर आपण साठ खुणा केल्या, तेही कळलं.

"थांबा!" ती ओरडली.

बारातल्या अकरा बंदुका तोवर उडाल्या होत्या.

तीन दिवसांत चौकशी उरकली. पूर्ववेधाने धोका दाखवला, शिपायांनी कर्तव्य केलं, यंत्राला शिकवणारी संस्थानातली सर्वांत निष्णात सैनिक होती, त्यामुळे चूक कुणाचीच नाही. दिवाणांनी तेजलला शौर्यपदक जाहीर केलं. एका ओळीत तिचा गौरव झाला आणि गुन्हाही तिच्याच नावावर चढला. ती तोंड उघडती तर पहिला फास तिच्याच गळ्यात पडता.

तरीही ती उर्मिलाराजेंकडे गेली. आता गादीवर त्याच बसणार होत्या. पांढरी साडी नेसून त्या महालाच्या सज्जात एकट्याच बसल्या होत्या.

"आक्कासाहेब, राजांना मारायची खूण मी केली," तेजल उभ्या उभ्याच म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, खोली, आलेख, दिवाण, उरलेले वीस. "मला शंका आली होती. तरी मी केलं. मला काय ती शिक्षा द्या, पण दिवाणांनाही सोडू नका."

उर्मिलाराजेंनी तोंडाला पदर लावला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पाणी खरं होतं. पण तेजल माणसं वाचत होती, आणि ती सवय आता तिला मोडता येत नव्हती. ऐकून धक्का बसलेल्या माणसाचा श्वास आधी अडतो, खांदे वर जातात. 'मारायची खूण' या शब्दांवर आक्कासाहेबांचे खांदे जागचे हलले नव्हते. फक्त अंगठा आत वळला होता, काहीतरी झाकायचं असल्यासारखा.

"तू खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "अशी माणसं मला जवळ हवीत. राज्याभिषेकानंतर खासगी पथक तुझ्या ताब्यात देते."

"आणि यंत्र? ती खूण अजून त्याच्यात आहे, आक्कासाहेब. शहराच्या चारही वेशींवर कालपासून पूर्ववेध बसवलाय. तोही हेच शिकलेला आहे. उद्या सोहळ्याला गावोगावचे लोक येणार. त्यांत म्हातारी माणसं असतील, आजारी असतील. उद्यापुरता तरी बंद ठेवा."

"बंद ठेवला तर माझ्याभोवती पहारा कोण ठेवणार?"

"मी ठेवीन."

उर्मिलाराजे तिच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. "तू त्या दिवशी गोळी झाडली नाहीस," त्या हळूच म्हणाल्या. "झाडायची वेळ आली, तर माझ्यासाठी झाडशील का, याची मला खात्री नाही. उद्याचं पार पडू दे, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजलने काच आणि बंदूक शस्त्रागारात जमा केली. कुणाला न सांगता ती पूर्वेच्या वेशीबाहेर आली. नदीच्या पुलापर्यंत रांग लागली होती. लोक नवे कपडे घालून, पोराबाळांना खांद्यावर घेऊन उभे होते. वेशीच्या कमानीत चार शिपायांच्या काचा आणि बंदुका त्यांच्याकडे रोखलेल्या होत्या.

ती कमानीपासून मागे मागे रांगेतून चालत गेली, प्रत्येकाच्या हाताकडे बघत. पंधरा-वीस माणसांनंतर तिला एक बाई दिसली. साठीची असेल. हातातलं पुरचुंडीचं फडकं एका लयीत थरथरत होतं.

"मावशी, आज आत जाऊ नका. घरी जा."

"का गं बाई? तीन कोस चालत आलेय मी."

"माझं ऐका. हात पदरात गुंडाळा आणि मागे फिरा."

बाईने तिच्या गणवेशाकडे पाहिलं, घाबरली आणि निमूट वळली. तेजल पुढच्या माणसाकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. पुलापलीकडून आणखी लोक येतच होते. मागे वेशीत पहिल्या माणसांना आत सोडायला सुरुवात झाली होती. ती पळायला लागली. दोनच डोळ्यांनी ती किती हातांपर्यंत वेळेत पोचणार होती?