समोरून येणारा हात

अंजूरच्या खाडीकाठच्या रस्त्यावर त्या सकाळी गाड्या अशा अडकल्या, की मेघालीच्या ई-टेम्पोची खिडकी आणि समोरून आलेल्या निळ्या टेम्पोची खिडकी अगदी आमनेसामने आली. मध्ये हातभर अंतर. दोन महिने रोज दोन सेकंद दिसणारा चेहरा आज हलायलाच तयार नव्हता.

“बरं झालं जाम लागला,” तो म्हणाला. “मी धनेश. शेलार गावचा.”

“काल तर मोकळा म्हणून हात दाखवलास...”

“काल मोकलाच होता. आजचं आज इचारायचं.”

रस्त्याची खबर मिळायला या पट्ट्यात तीन सोयी. फोनमधला नकाशा, जो जाम सुटल्यावर लाल व्हायचा. ड्रायव्हरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्यावर ‘फाट्याला जाम हाय’ असा आवाज यायचा, पण तो आजचा की गेल्या गुरुवारचा, ते कुणी सांगत नसे. आणि तिसरी, समोरून येणाऱ्याचा हात. पंजा पुढे सारला की मोकळं, मूठ आवळली की जाम, बोट गोल फिरवलं की गाडी वळव, पुढे जाऊच नको. तो हात नुकता तिथूनच आलेला असतो, म्हणून मेघालीचा त्याच्यावर भरवसा. ती वळ गावच्या गोदामातली खोकी भिवंडीच्या दुकानांत पोचवायची, धनेश भिवंडीहून कापडाचे ताके घेऊन उलटा यायचा. त्याचा हात एकदाही खोटा ठरला नव्हता.

“तीन खुणा मला कळतात,” ती म्हणाली. “शेवटी दोन बोटं छातीला लावतोस, ती कुठली?”

“ती रस्त्याची न्हाय.”

“मग?”

धनेशचे कान लाल झाले. तेवढ्यात मागून हॉर्न वाजले, गाड्या हलल्या आणि उत्तर राहून गेलं. मेघाली दिवसभर उगाच हसत होती. गोदामातल्या सुकन्याने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

पुढच्या आठवड्यात शनिवारी तो दिसला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी खाडीवर धुकं असं उतरलं, की टेम्पोचं पुढचं चाकही धड दिसेना. पाण्यावरचे बगळे गप्प होते. मेघालीला आधीच उशीर झालेला. नकाशावर रस्ता निळाशार. ग्रुपवर आवाज आला, “खाडीचा रोड एकदम क्लिअर, बिनधास्त या.”

आणि धुक्यातून निळा टेम्पो आला.

तिचं मन उसळलं. आला एकदाचा... खिडकीतून हात बाहेर आला. बोट गोल फिरलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग तो हात, कुणीतरी मनगट धरून हळूच खाली ठेवावा, तसा खाली गेला. दोन बोटं छातीकडे गेलीच नाहीत.

रुसलाय की काय? ती क्षणभर थांबली. नकाशा एक सांगतोय, ग्रुप तेच सांगतोय, आणि हा एकटा — पण हा हात होता. तिने टेम्पो वळवला. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला होती. तो तिच्या पुढेच असायला हवा होता. सरळ रस्ता, तेवढ्यात धुकंही जरा विरलेलं. पुढे कुणीच नव्हतं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की त्या टेम्पोला इंजिनाचा आवाजच नव्हता.

नाक्यावर चंद्राच्या टपरीवर ती चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती, तेव्हा जाळं खांद्यावर टाकून सावळाराम आला. “खाडीवरची मोरी पहाटंच खचली,” तो म्हणाला. “आख्खा रस्ता पान्यात.”

“पण आत्ताच तिकडून एक निळा टेम्पो आला, काका.”

सावळारामने तिच्याकडे पाहिलं. “येल कसा? रस्ताच न्हाय तिथं.”

नकाशा दुपारपर्यंत निळाच होता.

मेघालीला वाचल्याचा आनंद झालाच नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मोरी पहाटे खचली, मग पहाटे तिच्यावरून कोण जात होतं? बुधवार गेला, गुरुवार गेला, वळशाच्या रस्त्यावरही निळा टेम्पो नाही. नंबरही नव्हता, रोज भेटणाऱ्याचा नंबर कशाला घ्यायचा? तिने ग्रुपवर विचारलं. एकाने लिहिलं, धनेशला काल कल्याणला पाहिला. दुसऱ्याने लिहिलं, त्याने टेम्पो विकला. तिसऱ्याने लिहिलं, खाडीत गेला तो. तिने फोन पालथा ठेवला आणि शुक्रवारी सरळ शेलार गाठलं.

अंगणात निळा टेम्पो उभा होता. काचेवर धुळीचा थर, टपावर सुकी पानं, चाकाशी कोंबडी अंड्यांवर बसलेली. मेघालीने काचेवर बोट ओढलं, धुळीत लांब रेघ उठली.

धनेशची आई, आक्का, दारात आली. “तू कोन गो?”

“मी... समोरून येते रोज. धनेश कुठे आहे?”

“हाय आत. शुक्कीरवारच्या रातीपासनं ताप, आज उतरला. टेम्पो जाग्यावरना हलला न्हाय.” आक्काने तिला निरखलं. “मंगलवारी सकाली लय बडबडला. ‘ती येल, तिला सांग’ बोलला. हात वर करून बोट गोल गोल फिरवीत व्हता. मीच मनगट धरून खाली ठेवला.”

मेघाली आक्काच्या बोटांकडे बघत राहिली. तिच्या मानेवर काटा आला होता आणि डोळे मात्र भरून आले होते.

आत खाटेवर धनेश भिंतीला टेकून बसला होता. ती दिसताच त्याने दाढी वाढलेल्या गालावरून ओशाळून हात फिरवला.

“मला वाटलं तू गेलास,” ती म्हणाली. “चार दिवस घास उतरला नाही.”

“मना पानी दिसत व्हतं. रस्त्याच्या जागी नुसतं पानी...” त्याचा आवाज बारीक झाला. “मी कोनाला तरी सांगितलं ना?”

“सांगितलंस.”

“पोचलं?”

“पोचलं.”

मग मेघालीने उजवा हात वर केला आणि दोन बोटं स्वतःच्या छातीला लावली.

“मंगळवारी ही राहिली होती,” ती म्हणाली.