लाल दोऱ्याचे गोंडे

"लाल दोरा शे ना, त्याले हात लावानं नही, माय! कोनले लावूबी देवानं नही."

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भुसावळला लेकीकडे निघताना शेजारच्या भिकुअक्का एवढंच बजावून गेल्या होत्या. तुळशीला हात लावून मेघाने 'हो' म्हटलं होतं. चारच दिवसांपूर्वी!

आणि आज अक्कांच्या परसात नुसते खुंट उभे होते. बियाण्यासाठी राखलेले पांढऱ्या कांद्याचे चाळीस गोंडे, प्रत्येकाच्या दांड्याला लाल दोरा. एकही जागेवर नव्हता!

"कोणी कापले?" मेघा ओरडली. "कोणी?"

"अगं, वाळलेलेच होते ना?" धुळ्याहून सुट्टीला आलेला तिचा आतेभाऊ नवल म्हणाला. "चल, बाजारातून किलोभर कांदे आणू!"

"गप रे धुळेकर! हा कांदा धरणगावच्या बाजारात मिळत नाही. अक्कांच्या सासूपासून घरचं बी चालत आलंय. कांद्याचं बी वर्षभरच धड टिकतं. यंदाचं गेलं की कायमचं गेलं! चातुर्मासात अक्का कांद्याला शिवत नाहीत, पण तुळशीला एक तांब्या घातला की दुसरा या वाफ्याला. एक दिवस चुकला नाही!"

तेवढ्यात कुंपणाजवळून मेघाची मैत्रीण पुनम ओरडली, "इकडे या! वाटेवर काळे तीळ सांडलेत!"

नवलने एक दाणा उचलून दाताखाली धरला. "थूऽ! तीळ कसले? कांदा आहे कांदा!"

"मिळाला चोराचा माग!" मेघाने दात ओठ खाल्ले.

काळ्या दाण्यांची माळ कुंपणाच्या भगदाडातून थेट पलीकडे, महिला मंडळाच्या हॉलच्या पायरीपर्यंत गेली होती. हॉलमध्ये सजावटीचे वर्ग घेणाऱ्या ज्योत्स्नाकाकू मोठ्या पितळी फुलदाणीपुढे उभ्या होत्या. फुलदाणीत क्रोटनची रंगीत पानं होती, आणि मधोमध गोंडेच गोंडे! काकूंच्या हातात सोनेरी रंगाचा डबा होता. फुस्स! तीन गोंडे सोन्याचे झाले.

"थांबा!" मेघा मध्ये घुसली. "रंग बसला की बी मेलं! हे भिकुअक्कांचे गोंडे आहेत!"

"छे गं!" काकू हसल्या. "प्लास्टिकचे आहेत. जळगावहून आणलेत. पाच वाजता प्रदर्शनाचं उद्‌घाटन आहे, पळा बरं बाहेर!"

प्लास्टिकचे! तिने पुनमची पांढरी ओढणी ओढून टेबलावर पसरली, एक गोंडा उपटला आणि उलटा करून झटकला. टपटपटप! ओढणीवर काळ्या दाण्यांचा सडाच पडला.

"काकू," नवल अगदी गोड आवाजात म्हणाला, "जळगावच्या प्लास्टिकला बी येतं वाटतं?"

काकूंचा चेहरा पडला. तेवढ्यात हॉलच्या बागेचे माळी, लोटनभाऊ, कात्री घेऊन आत आले.

"लोटनभाऊ, अक्कांच्या परसातले गोंडे तुम्ही कापले?"

"मीच कापं! बाईनी सांगं व्हतं, लाल दोरा शे ते बठ्ठं काप, एकबी सोडू नको!"

मेघाने पाहिलं, फुलदाणीतल्या क्रोटनच्या फांद्यांनाही लाल दोरे होते. काकूंनी हॉलच्या बागेतल्या कापायच्या फांद्यांना खूण म्हणून लाल दोरे बांधले होते. अक्कांनी न कापायच्या दांड्यांना! मधल्या कुंपणाला भगदाड. लोटनभाऊंनी दोरा पाहिला आणि कात्री चालवली.

"लोटनभाऊ चुकले, ते कळलं," मेघा काकूंकडे वळली. "पण काकू, तुम्ही तर कांद्याला दोरा बांधला नव्हता ना? मग एवढे गोंडे आले कुठून, हे विचारलं का नाही?"

काकूंनी सोनेरी डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "छान दिसत होते. विचारलं असतं तर परत द्यावे लागले असते."

"ती नुसती शोभा नाही, काकू, बी आहे! आणि अक्कांना हे तुम्हीच सांगायचं. फोनवर नाही, समोर बसून!"

"सांगेन," काकू म्हणाल्या. "शब्द देते."

सदतीस गोंडे ओढणीत बांधले गेले. फुलदाणी भुंडी झाली. "आता पाच वाजता दाखवू काय?" काकू हताश झाल्या.

मेघाचा राग अजून उतरला नव्हता. पण भुंडी फुलदाणी तिला बघवेना. "चला रे!" ती फणकारली. तिघांनी रस्त्याकडेच्या शिरीषाच्या वाळक्या शेंगा गोळा केल्या, कडुलिंबाच्या डहाळ्या आणल्या, रुईची फुटलेली बोंडं आणली. मेघाने उंच शेंगा मागे, डहाळ्या कडेला आणि मऊ कापसाची बोंडं पुढे खोचली. तीन सोनेरी गोंडे तिने तसेच ठेवले. खिडकीतून वारा आला आणि अख्खी फुलदाणी खुळखुळली!

उद्‌घाटनाला आलेले गावातले वयोवृद्ध पंडितनाना काठी टेकत त्या फुलदाणीपुढेच थांबले. लोटनभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. नानांनी मेघाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, पोरांनो! बी राखलं तुम्ही. पोरी, तुझा राग खरा होता. असाच जपून ठेव."

दुसऱ्या दिवशी मेघा पहाटेच तुळशीला पाणी घालायला अक्कांच्या अंगणात आली. दुसरा तांब्या तिने उघड्या वाफ्यावर ओतला. तेव्हा कुंपणापलीकडून कोणीतरी जाताना दिसलं. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीच्या तोंडाला लाल दोरा.

ज्योत्स्नाकाकू स्टेशनकडे निघाल्या होत्या. भुसावळची गाडी गाठायला, अक्कांसमोर बसायला.