रुख्मिणीचं पुढं काय झालं

आत्यासाठी बी.पी.च्या गोळ्या आणि एक शाल न्यायची होती. एरवी हे काम मी रविवारचं करायची. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं अमरावती, आत्याच्या हातचं जेवण, संध्याकाळी परत. त्या वेळी मात्र शनिवारी दुपारी निघाले, आणि आत्याला न कळवता निघाले.

त्याला कारण प्राजक्ताच्या मोबाइलवरचा एक व्हिडिओ. ऑफिसात प्राजक्ता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिनं मोठ्या कौतुकानं तो मला दाखवला. अंधारी गल्ली, माणसांची डोकी, आणि टॉर्चचा उजेड भिंतीवरून सरकत वरच्या एका खिडकीशी थांबतो. खिडकीत पिवळा उजेड, पडद्यावर मान खाली घालून बसलेल्या बाईची सावली. खाली लिहिलेलं : ‘ती अजून वाट पाहते. जुन्या अमरावतीत भुतांची फेरी, दर शनिवारी.’

प्राजक्ताच्या अंगावर काटा आला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण ती सावली माझ्या आत्याची होती.

माणिकबाई माझ्या बाबांची सख्खी बहीण. सत्तरी ओलांडलेली, तरुणपणीच नवरा गेलेला, मूलबाळ नाही. परकोटाच्या, म्हणजे जुन्या गावाच्या दगडी तटाच्या, आतल्या एका गल्लीत, लग्नाचे मंडप आणि खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्राच्या वर तिच्या दोन खोल्या. आमचं घराणं फुलांचं. रविवारी सकाळी अंबादेवीपुढं हार विकायला बसणाऱ्या बायकांना आत्या शनिवारी रात्री हार ओवून द्यायची. खिडकीशी बसायची, कारण बल्ब तिथंच होता. मी तिला किती वेळा म्हटलं असेल, अकोल्याला चल, माझ्या घरी जागा आहे. ती म्हणायची, “इथंच बरं हाय मले.” याच्या पुढं एक शब्द नाही.

अशा जित्याजागत्या बाईला कोणी भूत करून दाखवत असेल, तर तो काय सांगतो ते आधी आपल्या कानांनी ऐकावं, मग त्याला जाब विचारावा, असं मी ठरवलं आणि फेरीत नाव घातलं.

जानेवारीची थंडी होती. वेशीपाशी माणसं जमली होती. कॉलेजच्या मुली, एक नवं जोडपं, कानटोपी घातलेले एक निवृत्त गृहस्थ. फेरी नेणारा मुलगा पंचविशीचा असेल. योगेश त्याचं नाव. मूळचा मोर्शीकडचा, दिवसा मोबाइलच्या दुकानात काम करायचा. अंगानं बारीक, गळ्याला मफलर. भांडायच्या तयारीनंच मी त्याच्याकडं पाहत होते, पण तो बोलायला लागला आणि मी ऐकत राहिले. तो कोणाला घाबरवत नव्हता. हळू आवाजात सांगायचा, मध्येच थांबायचा, आणि तो थांबला की गल्ली ऐकू यायची. कुठं नळाखाली बादली भरत होती. कुठं कोणी खोकत होतं. परकोटाच्या दगडांना ओल्या मातीचा वास होता, आणि पुढं गेलं की दिवसभराच्या सुकल्या फुलांचा.

एका बुजवलेल्या विहिरीची गोष्ट झाली. एका पहारेकऱ्याची झाली. मग आम्ही आत्याच्या गल्लीत वळलो.

“टॉर्च बंद करा,” योगेश म्हणाला.

वर खिडकी उजळलेली होती.

“ही रुख्मिणी. तेल्हाऱ्याची लेक, लग्न होऊन या घरात आली. नवरा कामासाठी नागपूरला निघाला. बैलगाडीनं चांदूर रेल्वेपर्यंत गेला, तिथं आगगाडीत चढताना लोकांनी त्याला पाहिलं. त्यानंतर कोणीच पाहिलं नाही. रुख्मिणी रोज दिवे लागले की खिडकीत बसायची. बसता बसताच गेली. पण आपण गेलो हे तिला कोणी सांगितलं नाही…”

“आणि नवरा? त्याचं पुढं काय झालं?” एका मुलीनं विचारलं.

“ते कोणालाच माहीत नाही,” योगेश म्हणाला आणि थांबला.

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. पडद्यावर आत्याची सावली होती. तिची वाकलेली मान मी कुठंही ओळखली असती. पण तिच्यासमोर आणखी एक सावली बसली होती. डोक्यावरून पदर, आणि हात आत्यासारखेच हलत होते, सुईत फूल ओवून दोरा वर ओढावा तसे. शेजारची कोणी मदतीला आली असेल, असं मला वाटलं. खरंच तेवढंच वाटलं.

फेरी संपली, लोक पांगले, तेव्हा मी योगेशला गाठलं.

“वर माझी आत्या राहते. जिवंत आहे ती.”

त्याचा चेहरा उतरला. “ताई, खरं सांगतो, मले वाटलं बिछायतवाल्याचं कोनी वर काम करत असन. गोष्ट मीच बनवली. रुख्मिणी-बिख्मिणी कोनी नाई. नाव बी असंच तोंडात आलं.”

“म्हणजे तिला भूत करून टाकलं तुम्ही.”

त्यानं गळ्यातला मफलर काढून हातात घेतला. मग म्हणाला, “चला. मी त्याईच्या पाया पडतो. पुढच्या वेळेपासून या गल्लीत येतच नाई.”

आम्ही लाकडी जिना चढून गेलो. आत्यानं दार उघडलं. मला अवेळी पाहून तिला काहीच वाटलं नाही. “ये,” म्हणाली. “हा कोन?”

खोलीत परातभर शेवंती आणि झेंडू होता. आत्याच्या बसायच्या सतरंजीसमोर दुसरी एक सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर अर्धा ओवलेला हार पडला होता, सुई तशीच फुलात.

“तुझ्याजवळ कोण बसलं होतं, आत्या?”

“रुख्मिणी,” आत्या म्हणाली. “आत गेली. परका मानूस आला म्हनून.”

मी योगेशकडं पाहिलं. तो दाराला धरून उभा होता. मी मधल्या दाराचा पडदा सारून आतल्या खोलीत गेले. ते आत्याचं स्वयंपाकघर. त्याला खिडकी नाही, दुसरं दार नाही. ओटा, पाण्याचा माठ, धान्याची कोठी. कोणी नव्हतं. दिवा मालवल्यावर वातीचा वास येतो तसा वास मात्र होता, ताजा.

बाहेर आले तर आत्या शांतपणे बोलत होती.

“दिवाळीपासून येते बिचारी. खाली मानसं उभी राह्यली का ही वर येते. पयल्या दिवशी मी घाबरली. मग म्हटलं, बाईमानूस हाय, दारात काहून उभी ठेवू. मले म्हनते, एक पोट्टा मले इथं आनून बसवते अन् अर्ध्यातच सोडून जाते. नवरा कुठं गेला ते सांगतच नाई. आता मी बसू का उठू, तुमीच सांगा म्हनते.” आत्यानं योगेशला नीट न्याहाळलं. “तूच का तो?”

योगेशनं मान हलवली.

“मंग सांग ना तिले. ऐकून राह्यली ती.”

मी त्याला म्हणणार होते, चला, निघू आपण. पण तो सतरंजीच्या कडेला बसला. अगदी शाळेतल्या पोरासारखा, मांडी घालून.

“तो… नागपूरले पोचला,” तो पडद्याकडं पाहत म्हणाला. फेरीतला त्याचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. “तिथं तापानं पडला. लोकांनी दवाखान्यात टाकलं. बरेच दिवस शुद्ध नव्हती…”

“मेला का?” आत्यानं विचारलं.

योगेश थांबला. खाली गल्लीत काही म्हणता काही आवाज नव्हता. पडदा सरळ लोंबत होता, आणि तरी मला पक्कं कळत होतं की त्याच्या पलीकडं कोणीतरी श्वास धरून उभं आहे.

“नाई,” योगेश म्हणाला. “परत आला तो. उशीर झाला, पन आला.”

आत्यानं कान आतल्या खोलीकडं दिला. मग म्हणाली, “कधी, म्हनते.”

“पुढच्या शनिवारी,” तो पटकन बोलून गेला. सुटका करून घ्यायला माणूस काहीतरी बोलतो तसं.

तो आठवडा मी अकोल्यात कसा काढला ते मलाच माहीत. दर रात्री आत्याला फोन करायची. ती नेहमीसारखी बोलायची, काय भाजी केली, फुलं कशी आली. शनिवारी दुपारीच मी तिच्याकडं पोचले. योगेशनं फेरी बंद ठेवली होती. तो माझ्या आधी येऊन जिन्यावर बसला होता. त्याला आत्याकडं यायची काही सक्ती नव्हती. पण म्हणाला, “शब्द मी देल्ला ताई. मंग मीच नाई आलो तर कसं?”

आत्यानं घर झाडून घेतलं होतं. “दुपारपासून वेनी घालून राह्यली,” आतल्या खोलीकडं बोट करून ती मला म्हणाली. माहेरवाशिणीबद्दल बोलावं तसं.

अंधार पडला. बिछायतवाल्यानं शटर ओढलं. आम्ही तिघं हार ओवत बसलो. योगेशला येत नव्हतं, तो फुलं निवडून देत होता. भीती होती का? होती. पण ती अंगावर धावून येणारी नव्हती. दवाखान्यात कोणाच्या तरी उशाशी बसावं, तशी होती. बऱ्याच वेळानं आत्याची सुई थांबली.

खालून आवाज आला.

“रुख्मिणी आहे का घरी?”

मोठा नव्हता तो आवाज. दूरवरून चालत आलेला, थकलेला माणूस विचारतो तसा.

“हाय,” आत्या म्हणाली. “या वर.”

तिनं उठून दार उघडलं. जिन्याच्या पायऱ्या वाजू लागल्या. एकेक पायरी, सावकाश. पावलं दाराशी आली आणि थांबली. दारात कोणीच नव्हतं. थंडी आत आली, आणि तिच्याबरोबर दगडी कोळशाचा धूर. मग माझ्या पाठीमागं पडदा हलला. बांगड्या किणकिणल्या. माझ्या खांद्याजवळून कोणीतरी गेलं, माझा पदर जरासा ओढला गेला. मी मान वळवली नाही.

पावलं जिना उतरू लागली. एक जड, एक हलकं. आणि त्यांच्या मागून आणखी कोणीतरी उतरत होतं. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत थांबत. पायांत वाळे होते. लहान लेकराच्या पायात घालतात ते.

योगेशनं माझं मनगट धरलं. “ताई,” तो कुजबुजला, “गोष्टीत लेकरू नव्हतं.”

आत्या दाराशी उभी होती, पाहुण्यांना निरोप द्यायला उभं राहावं तशी. “हळू जा रे,” ती खाली पाहत म्हणाली. वाळ्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. मग तिनं दार लोटलं, कडी घातली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

“गीता,” ती म्हणाली, “मले आता अकोल्याले ने. इथं आता कोनी नाई राह्यलं.”

आत्या माझ्याकडं आली त्याला आता बरेच महिने झाले. खाते, पिते, माझ्या मुलीला, खुशीला, गजरे करून देते. ते लेकरू कोणाचं होतं, हे मी तिला एकदा विचारलं. ती ऐकू न आल्यासारखी दोरा गुंडाळत राहिली. मग मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “आमच्या माणिकले लेकरूबाळ झालंच नाई.” एवढं बोलून ते उठून दुसऱ्या खोलीत गेले. बाबा असे बोलता बोलता उठून जात नाहीत.

गेल्या आठवड्यात आत्या अचानक म्हणाली, “त्या पोट्ट्याले फोन लाव. त्यानं त्याईले माह्या दारापर्यंतच आनलं. तठून कुठं जायचं ते सांगितलंच नाई. लेकरू संग हाय. नीट पोचले का, विचार.”

मी फोन लावला. योगेशनं फेऱ्या केव्हाच सोडल्या होत्या. मोर्शीला वडिलांच्या संत्र्याच्या बागेत राहत होता, एकटाच. मी आत्याचा निरोप सांगितला. त्याला नवल वाटलं नाही.

“पोचले, ताई,” तो म्हणाला. “त्याच रात्री. मी रातोरात गावाले आलो तवा ते बागेतल्या झोपडीत बसून होते. त्याईचा काईच त्रास नाई. बाई बी खुश दिसते. फक्त लेकरू रात्री झोपत नाई. गोष्ट सांग म्हनते.”

“मग?”

“सांगतो ना. रोज सांगतो.” तो जरा थांबला. पूर्वी फेरीत थांबायचा तसा, पण आता मुद्दाम नव्हे. “लय जपून सांगा लागते, ताई. चिमनी सांगतो, ससा सांगतो. परवा बोलता बोलता गोष्टीत वाघ आला. मी लगेच दुसऱ्याच वाक्यात त्याले जंगलात धाडून देल्लं. लेकरू झोपलं बी.”

“बरं झालं की.”

“हो. पन तवापासून बागेतले कुत्रे रात्रीचे भुकत नाईत, ताई. दिवे लागले का घरात येतात, अन् माह्या खाटेखाली जाऊन बसतात.”