गुंड्याला ‘बघू’ कळेना

“जिंकलो! जवळजवळ सगळ्यांनी ‘बघू’ लिहिलंय!” गुंड्या ओरडला आणि मामाचा चेहरा पडला.

आता सांगा, एवढी आनंदाची बातमी ऐकून कुणाचा चेहरा पडेल का? पण माझाही पडला. तुम्हाला आधी आमचं चंद्रावरचं गाव सांगायला हवं. मी शमिका. मामा इथला कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारा). गुंड्या आमचा यंत्रमानव. हुशार आहे, पण मराठी शिकलाय शब्दकोशातून. मामाच्या मधमाश्यांचा घुमट रिकामा करून तिथं कोठार करायचं गावानं मनावर घेतलं होतं. दुपारी ग्रामसभा होती. माश्यांना पृथ्वीवर परत न्यायला यान नव्हतं, म्हणजे त्यांचं काय होणार हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. त्यांची बाजू मी मांडणार होते, कारण चार लोकांसमोर उभं राहिलं की मामाची बोबडी वळते.

सकाळी मी भाषणाची तालीम ‘चावडी’वर टाकली होती. चावडी म्हणजे आमच्या गावाचं समाजमाध्यम (सगळ्यांनी एकमेकांशी बोलायची पडद्यावरची जागा). तिथं ही ‘बघू’ची रांग लागली होती.

“अरे शहाण्या,” मी गुंड्यावर खेकसले, “मी आईकडे कुत्रं मागते तेव्हा ती ‘बघू’ म्हणते. आलं का कुत्रं?”

“नाही.”

“मग! तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून माणसं ‘बघू’ म्हणतात.”

गुंड्याचे दिवे मिणमिणले. “मला वाटलं, लोकांना आणखी बघायचंय. म्हणून मी तुझ्या भाषणात चित्रं वाढवली. हलणारी. खाली माहितीसुद्धा घातली.”

मी पडदा लावला आणि किंचाळलेच. आलेख गरगरत होते, माश्या नाचत होत्या, खाली मुंग्यांसारखी अक्षरं. आणि सभा तोंडावर आलेली! मी येरझाऱ्या घालायला लागले. चंद्रावर तेही धड जमत नाही, सारखं डोकं छताला लागतं.

“बस जरा,” मामा म्हणाला. “पडद्यावरचं वाच, आणि वाचता वाचता माझं ऐक.”

मी वाचत होते, तो भोपळ्याबद्दल काहीतरी सांगत होता. “काय म्हणालो मी?” त्यानं विचारलं. सांगता येईना. “बरं, वाचलंस काय?” छे, तेही नाही!

“आपल्याला कार्यकारी स्मृती असते (हातातलं काम होईपर्यंत गोष्टी धरून ठेवणारी मनातली जागा). ती अगदी लहान. वाचलेले आणि ऐकलेले शब्द तिथं एकाच दारानं घुसायला जातात, मग चेंगराचेंगरी. चित्र दुसऱ्या दारानं येतं. म्हणून तू बोल आणि पडद्यावर एका वेळी एकच साधं चित्र ठेव. दोन्ही आत पोचतील.”

“पण कोणतं चित्र?” मी रडकुंडीला आले होते.

“मला काय विचारतेस? ज्यांना दाखवायचंय त्यांना विचार की.”

मी चावडीवर लिहिलं, ‘तुम्हाला मधमाश्यांची कसली धास्ती वाटते? खरंखरं सांगा.’

पहिल्यांदा आमच्या शेजारच्या कामतकर काकूंनी लिहिलं, ‘माझ्या ओवीला चावली होती. डोळा सुजून बंद झाला. रात्रभर पोर रडत होती.’ मग धडाधड उत्तरं आली. ‘माशी घरात घुसली तर?’ ‘फुलांना ब्रशनं पराग लावतोच की आपण, माश्या हव्यात कशाला?’

मला फार वाईट वाटलं. माझ्या अख्ख्या भाषणात ओवीचा डोळा कुठेच नव्हता.

“हा खरा प्रतिसाद (ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे परत येणारी माहिती),” मामा म्हणाला. “गुंड्या, तो नुसता मोजायचा नसतो रे, समजून घ्यायचा असतो.”

सभेत माझी पाळी आली. पडद्यावर दोन भोपळे ठेवले. एक माश्यांचा, गरगरीत. एक ब्रशवाला, एका बाजूनं खंगलेला. “पराग (फुलातली पिवळी भुकटी) इथं पुरेसे पोचले नाहीत, म्हणून हा वाकडा,” मी सांगितलं. मग घुमटाला बसवायच्या दुहेरी दाराचं चित्र दाखवलं. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडतच नाही. शेजारच्या भिंतीवर चावडीवरचे प्रश्न उमटत होते, मी थांबून थांबून उत्तरं देत होते. माश्या कशानं चिडतात, हे मामानं जागेवरूनच सांगितलं आणि चक्क अडखळला नाही.

तेवढ्यात काकूंचा प्रश्न आला. ‘पुन्हा कुणाला चावणारच नाही, असं सांगू शकतेस?’

“हो म्हण, हो म्हण!” गुंड्या कानात कुजबुजला.

“नाही काकू,” मी म्हणाले. “तसं नाही सांगता येणार. पण चावलीच तर लगेच काय करायचं, ते आम्ही घरोघरी येऊन शिकवू. पहिल्यांदा तुमच्याकडे.”

सरपंचबाईंनी माश्यांच्या बाजूच्यांना हात वर करायला सांगितलं. इकडे एक, तिकडे दोन... संपलं सगळं, असं मला वाटलं.

काकू उभ्या राहिल्या. आता त्या लिहीत नव्हत्या, मोठ्यानं बोलत होत्या. “चावणारच नाही म्हणाली असतीस ना पोरी, तर माझा हात खालीच राहिला असता.” आणि त्यांनी हात वर केला. मग त्यांच्या मागच्या रांगेतले हात उठले, मग त्यांच्याही मागचे.

मला सभेतच रडू आलं. येऊ दे, मला नाही लाज वाटत.

घुमट राहिला. आता मंगळावर राहायला गेलेल्या मंडळींना माश्यांची एक पेटी पाठवायचं घाटतंय. त्यांना किती चित्रं पाठवू, असं गुंड्या कालपासून विचारतोय.

मी म्हटलं, “आधी विचार, त्यांना भीती कसली वाटते.”